म्हशीची सरकारी किंमत

भुदरगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत एक दुभती म्हैस मेली, तर सरकार तिची किती भरपाई देईल? उत्तर म्हशीवर अवलंबून नाही. तिला कोणी मारले, यावर आहे. बिबट्याने मारली तर वनखाते २०२२ च्या निर्णयानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम देते. पुराने मारली तर केंद्राच्या त्याच वर्षीच्या निकषांप्रमाणे ३७,५००. मग तिच्या दुधाला गोठ्यात काय किंमत होती, हे कोणी विचारत नाही. म्हणजे वेदगंगेपेक्षा बिबट्या परवडला, असे इथला शेतकरी म्हणाला तर त्याला दोष देता येणार नाही.

हा विचित्र दरफलक एका दिवसात तयार झालेला नाही. तो सव्वाशे वर्षांत थोडाथोडा लिहिला गेला आणि त्याचा बराचसा भाग गारगोटीच्या कचेरीतून फिरून गेला आहे.

गारगोटी हे कोल्हापूर संस्थानातल्या भुदरगड पेट्याचे ठाणे. पश्चिमेला सह्याद्री, त्यात पाटगावच्या वर उगम पावणारी वेदगंगा, डोंगरमाथ्यावर डंगे धनगरांचे वाडे, खाली नदीकाठची काळी जमीन. पाऊस इथे कमी पडत नाही, उलट नको इतका पडतो. तरीही सरकारने जनावरांकडे पहिल्यांदा लक्ष दिले ते पुरामुळे नव्हे, दुष्काळामुळे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता निघाल्या. त्यांत माणसांसाठी कामे होती आणि गुरांसाठी एक साधा विचार होता: चारा नसेल तर राखीव जंगले खुली करा. १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे आणि बैल घेण्यासाठी तगाई देण्याची सोय झाली. तगाई म्हणजे कर्ज. मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल घ्या, पण पैसे परत करा, आणि परत केले नाहीत तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली. ब्रिटिश मुलखातला हा कायदा होता, संस्थानातही तगाईची रीत तशीच.

शाहू महाराजांच्या हाती कारभार आला २ एप्रिल १८९४ रोजी. दोन वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ दारात उभा राहिला. त्या वेळी संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने काढली, निराधारांची सोय केली, तगाई वाटली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. गुरांची बाब मात्र त्या पाठात एका ओळीत संपते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. संस्थानाने गुरांसाठी छावण्या उघडल्या, चारा दिला, राखीव कुरणे चरायला मोकळी केली. यामागचा हिशेब सोपा होता. बैल जगला तर पुढच्या मृगात पेरणी होईल, पेरणी झाली तर सारा येईल. यात दया होती का व्यवहार, असा वाद घालायचे कारण नाही. दोन्ही होते. पण त्या काळच्या मदतीचा रोख जिवंत जनावराकडे होता, एवढे लक्षात ठेवावे. मेलेल्या जनावराचे पैसे देण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. मेले ते मेले, त्याच्या जागी दुसरे घ्यायला कर्ज मिळे.

कचेरी म्हणजे सारा भरण्याची, तगाई मागण्याची आणि जप्तीची नोटीस निघण्याची जागा. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. तो इतिहास वेगळा आणि त्याचे स्मरण गारगोटी दरवर्षी करते. पण परक्या सत्तेवर घाव घालायचा तर तो कचेरीवर घालावा असे त्या तरुणांना का वाटले असेल, हे ज्याच्या घरी तगाईची वसुली येऊन गेली त्याला फोडून सांगावे लागत नसे.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पेट्याचा तालुका झाला, पण आपत्तीच्या मदतीची पद्धत बरीच वर्षे तशीच राहिली. दुसऱ्या वित्त आयोगापासून राज्यांना आपत्तीसाठी थोडी रक्कम बाजूला काढून मिळू लागली, तिची पुरवणी दिल्लीहून होई. १९९० मध्ये नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने आपत्ती निवारणाचा कायमचा निधी आला. २००५ च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. आपल्यासारख्या राज्यात त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. या कोरड्या वाक्यांत एक मोठा बदल लपलेला आहे. तगाई गेली आणि तिच्या जागी परत न करायची रक्कम आली. शेतकऱ्याच्या बाजूने हे निःसंशय पुढचे पाऊल होते. पण पैसे केंद्राचे, म्हणून निकषही केंद्राचे. राजस्थानातल्या उंटाला, हिमालयातल्या याकला आणि भुदरगडातल्या म्हशीला एकच रकाना मिळाला.

त्या रकान्यातला आकडा असा वाढत गेला. २००७ च्या निकषांत दुभत्या मोठ्या जनावराला १०,००० रुपये. २०१३ मध्ये १६,४००. २०१५ मध्ये ३०,०००, तेव्हाच ओढकामाच्या बैलाला २५,०००, वासराला १६,००० आणि शेळी-मेंढीला ३,०००. कोंबडीला ५० रुपये, आणि एका घराला सगळ्या कोंबड्यांचे मिळून जास्तीत जास्त ५,०००. महाराष्ट्राने हे दर १३ मे २०१५ च्या शासन निर्णयाने लागू केले. खाली दोन अटी होत्या. एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठी दुभती जनावरे किंवा तीन बैल किंवा तीस शेळ्या-मेंढ्या, घरातली कितीही गेली तरी. आणि जनावर आर्थिकदृष्ट्या उत्पादक असले पाहिजे.

या दोन अटींनी कोल्हापूर जिल्ह्यात जितका घोळ घातला, तितका दुसऱ्या कुठल्याच अटीने घातला नसेल. कारण हा जिल्हा दुधाचा आहे. १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने इथे गावागावांत संस्था उभ्या केल्या. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचे, फॅट लागते ती पावतीवर येते, दर दहा दिवसांनी बिल. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, तेही कारखान्याच्या मर्जीने. दूध महिन्यातून तीनदा देते. ज्याला एकर-दीड एकर रान आहे, त्याचा संसार उसावर नाही, म्हशींवर चालतो. आणि हरियाणातून आणलेली मुऱ्हा म्हैस लाखाच्या घरात जाते. तिच्यासाठी बहुतेक वेळा संस्थेचे नाहीतर बँकेचे कर्ज काढलेले असते.

आता उत्पादक म्हणजे काय? आटलेली पण सात महिन्यांची गाभण म्हैस आज दूध देत नाही, आणि बाजारात तिची किंमत दूध देणाऱ्या म्हशीइतकीच, कधी जास्तही. भाकड म्हणून नोंद झाली तर ती रकान्यातून बाहेर. पंचनामा करणाऱ्याला हे कळत नाही असे नाही. पशुधन विकास अधिकारी शेतकऱ्याच्याच पोटचा असतो. पण त्याच्या पुढ्यात मेलेले जनावर असते, आणि मेलेल्या जनावराचे दूध मोजता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे सगळे एकदम समोर आले. योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या माण, खटाव, आटपाडी भागात चारा छावण्या चालू होत्या आणि मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान वाढवून १०० रुपये करावे लागले होते. एकाच खोऱ्याच्या पूर्वेला गुरे वैरणीवाचून तडफडत होती आणि तीन महिन्यांत पश्चिमेची पाण्यात होती. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. वेदगंगा निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढली, पंचगंगा शिरोलीला. महामार्ग बंद झाला. गोकुळचे संकलन विस्कळीत झाले, मुंबईचे दूध अडकले. ज्या गावांत एक जनावरही मेले नाही, तिथे धार काढून दूध ओतून द्यावे लागले, कारण म्हशीला पूर कळत नाही, वेळ झाली की ती पान्हा सोडते. त्या ओतलेल्या दुधाला कुठल्याही निकषात रकाना नव्हता. आजही नाही.

पूर येतो तेव्हा गोठ्यात काय होते, ते नदीकाठी राहणाऱ्याला विचारावे. पाणी उंबऱ्याला लागले की माणूस पहिल्यांदा दावी सोडतो. सोडता आली नाहीत तर कोयत्याने तोडतो. म्हशी पोहतात, अंधारातही वाट काढतात आणि उंचवटा गाठतात. बैलही बऱ्याचदा निभावून नेतात. जातात ती रेडके, शेळ्या आणि म्हातारी जनावरे. दावे न सुटलेली जनावरे जागच्या जागी बुडतात आणि सुटलेली काही वाहून जातात, ती कुठल्या गावाच्या हद्दीत जाऊन लागतील याचा नेम नाही. वेदगंगेत वाहून गेलेले जनावर कर्नाटकात सापडू शकते. मग पंचनामा कोणी करायचा? तलाठ्याला मेलेले जनावर पाहायचे असते, डॉक्टरला शवविच्छेदन करायचे असते, आणि पुढ्यात असतो एक रिकामा खुंटा.

माझे मत असे की या जिल्ह्यात पुरावा शोधायला नदीकडे जायची गरजच नाही. दूध संस्थेच्या वहीत तो रोज दोनदा लिहिला जातो. पूर येण्याच्या आदल्या सकाळी अमक्या सभासदाने किती लिटर घातले, फॅट किती, आणि पूर ओसरल्यावर किती, या दोन आकड्यांतल्या फरकाइतका प्रामाणिक साक्षीदार सगळ्या महसूल खात्यात मिळणार नाही. अडचण एवढीच की संस्था सभासदाचे दूध मोजते, एकेका म्हशीचे नाही. पण जिथे खुंटा रिकामा आहे, तिथे हा पुरावा पोलीसपाटलाच्या दाखल्यापेक्षा कमी दर्जाचा का मानावा, हे मला समजलेले नाही.

राज्याने त्या वेळी केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपये मागितले, त्यांतले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यासाठी. घरात पाणी शिरलेल्या ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० असे सानुग्रह अनुदान ठरले. हा फरक गावाकडे बराच बोलला गेला. शहरातल्या घरात फ्रिज आणि सोफा भिजतो, गावातल्या घरात तो नसेल कदाचित, पण गोठा, कणग्या आणि वर्षाची पिंजार भिजते. भिजलेल्या पिंजारीला बुरशी येते, ती जनावराला घातली तर पोट बिघडते. पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यात दूध घटते ते या कारणाने. म्हैस जिवंत असते, भरपाईच्या यादीत तिचे नाव नसते, आणि दहा दिवसांचे बिल मात्र निम्म्यावर येते. १८९६ सालच्या कारभाऱ्याला हे नुकसान पहिल्यांदा दिसले असते.

दोन वर्षे झाली नाहीत तोच २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २२ आणि २३ जुलैच्या पावसाने यमगर्णी पुन्हा बंद, शिरोली पुन्हा बंद. या वेळी राज्य मंत्रिमंडळाने ३ ऑगस्टला साडेअकरा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि केंद्राच्या दरावर स्वतःची भर टाकली. दुभत्या जनावराला ४०,०००, ओढकामाच्या जनावराला ३०,०००, लहानाला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. तीनची मर्यादा मात्र तशीच. कोंबडीचे ५० रुपयेही तसेच.

या निर्णयाला महिना व्हायच्या आत, १ सप्टेंबरच्या रात्री, भुदरगड तालुक्यातच मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला. तलावाला गळती असल्याचे गावकरी आधीपासून सांगत होते. लोक निजायच्या वेळेला बांध गेला आणि नवले, सोनुर्ली, वेंगरूळच्या बाजूला पाण्याचा लोंढा आला. एका महिलेचा जीव गेला. गोठ्यांतली जनावरे दगावली, ओढ्याकाठची पिके गेली, आणि पिकांखालची मातीसुद्धा खरवडून गेली. नदीचा पूर हळूहळू चढतो, गावाला एक दिवस तरी देतो, बांधाचा लोंढा दावे तोडायलाही वेळ देत नाही.

केंद्राच्या यादीत बारा आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, किडीचा हल्ला आणि थंडीची लाट. वळवाच्या दिवसांत झाडाखाली उभ्या जनावरांचे जीव घेणारी वीज त्यात नाही. ती राज्याने स्वतःच्या यादीत घातली, अवेळी पाऊस आणि अतिवृष्टीबरोबर. २०२३ मध्ये सततचा पाऊसही घातला. तलाव फुटणे असे नाव कुठल्याच यादीत नाही. पाणी आले म्हणजे पूर, असे धरून पुढे जायचे. पण पूर ही निसर्गाची करणी आणि बांध ही माणसाची. सरकारने बांधलेल्या बांधाने जनावर मारले, तर सरकार जे देते ते मदत म्हणायचे की देणे, हा प्रश्न मेघोलीने उभा केला. निकषांच्या भाषेत त्याला उत्तर नाही, कारण ती भाषा मुळात मदतीची आहे. नुकसान कोणामुळे झाले, हे ती विचारत नाही. वनखात्याची भाषा थोडी वेगळी आहे. वन्यप्राणी सरकारी संरक्षणाखाली, म्हणून त्याने केलेल्या नुकसानीत सरकारचा काही वाटा, हे तिथे न बोलता मान्य आहे. बाजारभावाचे ७५ टक्के तिथूनच आले. अमेरिकेत २०१४ च्या शेती कायद्याने कायम झालेल्या पशुधन भरपाईच्या योजनेतही हेच ७५ टक्के आहेत, फक्त तिथे ते वादळ-बर्फाने मेलेल्या जनावरालाही लागू होतात. आपल्याकडे तेच प्रमाण बिबट्यासाठी राखून ठेवले आहे.

२०२२ मध्ये लम्पी आला. ऑगस्टमध्ये जळगावकडे पहिली गुरे सापडली आणि पावसाळा संपेतो रोग राज्यभर पसरला. सरकारने लस फुकट दिली, बाजार बंद केले, आणि मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० दिले. म्हणजे २०१५ चेच दर. म्हशींना या रोगाची बाधा क्वचित, म्हणून भुदरगडातल्या बऱ्याच गोठ्यांची काळजी मर्यादित राहिली. पण ज्यांनी दुधासाठी संकरित गाई बांधल्या होत्या, त्यांना त्या वर्षी कळले की साथ ही सुद्धा एक आपत्तीच असते आणि तिचाही वेगळा दर असतो.

लम्पीने एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे कानातला बिल्ला. बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आधीपासून होता, लसीकरणाच्या निमित्ताने तो सगळीकडे पोहोचला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद झाली. बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्ती, वीज किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या मृत्यूची भरपाईही नाही. धोरण म्हणून हे बरोबर आहे. वाहून गेलेली म्हैस खरोखर होती की नव्हती, हा वाद त्याने मिटतो, आणि दूध संस्थेची वही जिथे अपुरी पडते तिथे बिल्ला पुरा पडतो. फक्त बिल्ला मारायला माणूस लागतो. गारगोटी, मडिलगे, कूरच्या सपाटीवर तो मोटारसायकलवरून येतो. पाटगावच्या पलीकडच्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात वाट निसरडी होते, म्हशी दिवसभर रानात असतात, आणि बिबट्या व गवा याच रानात. भरपाईची शक्यता जिथे जास्त, तिथेच बिल्ला पोहोचायला उशीर. बिबट्याने जनावर मारल्यावर ४८ तासांत वनखात्याला कळवायचे आणि मेलेले जनावर हलवायचे नाही, असा नियम आहे. जिथे फोन लावायला डोंगराच्या कडेला जावे लागते, तिथे यातला पहिला भाग अवघड आणि दुसरा आपोआप पाळला जातो.

पैसे वाटण्याची रीतही याच वर्षांत बदलली. पूर्वी तहसील कचेरीतून धनादेश येत. आता पंचनाम्याची माहिती संगणकावर चढते, यादीला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, मग रक्कम आधार जोडलेल्या खात्यात. मधले हात कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण अंगठा ज्याचा घ्यायचा तो म्हातारा, आणि म्हैस सांभाळते ती सून. सातबारा, रेशनकार्ड, खाते, सगळे म्हाताऱ्याच्या नावावर. तीन भावांची एकत्र दावण एकाच रेशनकार्डावर असली तर तीनची मर्यादा तिघांत मिळून एकदाच. वेगळे झालेल्या भावांना ती तीनदा मिळे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या राज्यात एकत्र राहण्याचा असा दंड होता.

ती मर्यादा २०२५ मध्ये गेली. त्या पावसाळ्यात मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने हाहाकार केला. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोंबडीला १०० रुपये ठरले आणि तीन जनावरांची अट काढून टाकली. जितकी जनावरे गेली तितक्यांचे पैसे. २०१९ मध्ये चार म्हशी गमावलेल्याला चौथीचे काही मिळाले नव्हते, त्याला याचा उपयोग नाही, पण पुढच्याला आहे. दुभत्या जनावराचा दर ३७,५०० ठेवला गेला. २०२१ मध्ये याच राज्याने ४०,००० दिले होते. चार वर्षांत मुऱ्ह्याची किंमत वाढली, पेंडीचे पोते महागले, दुधाचा दर वाढला, आणि पुरात गेलेली म्हैस अडीच हजारांनी स्वस्त झाली. लिटरला पन्नास रुपयांच्या आसपास मिळतात असे धरले, तर रोज आठ लिटर देणारी म्हैस ही सगळी रक्कम तीन महिन्यांत भांड्यात घालते. संस्थेतल्या पोराने दहा दिवसांच्या नऊ पट्ट्या फाडल्या की जवळपास तितके पैसे होतात.